दूध पचते कोठे?
लहान आतड्याच्या अस्तरातील एका विकराची ओळख

दूध हे पूर्णान्न मानले जाते. जन्मलेल्या बालकाचा पहिला आहार दूध हाच असतो आणि आजारातून उठलेल्या माणसालाही बहुतेक घरांत प्रथम दूधच दिले जाते. असे असूनही पेलाभर दूध घेतल्यावर पोट फुगणे, गुरगुरणे, कळा येणे किंवा पातळ शौचास होणे अशा तक्रारी अनेक प्रौढ व्यक्ती करतात. त्यांतील कित्येकांना ताक मात्र सोसते. अतिसारातून नुकतेच उठलेले मूल वरचे दूध देताच पुन्हा आजारल्यासारखे दिसते. या सर्व गोष्टींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण म्हणजे लहान आतड्याचे आतील अस्तर आणि त्या अस्तरावर वसलेले ‘लॅक्टेज’ नावाचे विकर.

विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही विशिष्ट प्रथिने होत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. लॅक्टेजचे काम दुधातील साखर फोडण्याचे. हे विकर नेमके कोठे असते, ते तेथे किती काळ टिकते आणि कशामुळे नाहीसे होते, हे समजले म्हणजे दुधाविषयीच्या अनेक समजुतींचा उलगडा होतो. एवढेच नव्हे तर आजारी बालकाच्या आहाराबाबत होणाऱ्या घातक चुकाही टाळता येतात.

दुधातील साखर

दुधाला जी सौम्य गोडी असते ती दुग्धशर्करेमुळे. तिलाच लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असते, तर मातेच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम. दुग्धशर्करेचा प्रत्येक रेणू ग्लुकोज व गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करांच्या जोडणीतून बनलेला असतो. आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकतात त्या केवळ साध्या शर्करा. जोडलेल्या स्थितीत दुग्धशर्करेला ही वाट मोकळी नसते. तेव्हा प्रथम ही जोडी फोडावी लागते आणि ते काम लॅक्टेजखेरीज मानवी शरीरातील दुसरे कोणतेही विकर पुरेशा प्रमाणात करू शकत नाही.

उसाच्या साखरेचेही असेच आहे. तीही जोडशर्कराच होय; परंतु ती फोडणारे सुक्रेज हे विकर आतड्यात मुबलक असते. लॅक्टेजचा साठा मात्र निरोगी माणसातही बेताचाच असतो. त्यामुळे आतड्याला थोडीशी इजा झाली तरी पहिला फटका दुधाच्या पचनाला बसतो.

अस्तराची रचना

अन्न जठरातून पुढे सरकते ते लहान आतड्यात. या आतड्याचे तीन भाग मानले जातात. पहिला, सुमारे वीतभर लांबीचा भाग म्हणजे ग्रहणी. त्यापुढील मधला भाग म्हणजे मध्यांत्र. आणि मोठ्या आतड्याला जाऊन मिळणारा शेवटचा भाग म्हणजे शेषांत्र. संपूर्ण नळी कित्येक मीटर लांब असली तरी तिचा व्यास जेमतेम अडीच सेंटिमीटर असतो.

एवढ्याशा नळीतून दिवसभराचे सारे अन्न शोषले जाते याचे रहस्य तिच्या अस्तरात आहे. हे अस्तर गुळगुळीत नसते. त्याला प्रथम आडव्या घड्या असतात. या घड्यांवर बोटांच्या आकाराचे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. प्रत्येक रसांकुर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचा असतो आणि अस्तराच्या एका चौरस मिलिमीटर जागेत असे वीस ते चाळीस रसांकुर दाटीने उभे असतात. नुसत्या डोळ्यांना हे अस्तर मखमलीसारखे दिसते ते यामुळेच.

रसांकुराच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या वरच्या कडेला एक पुसट रेघाळ पट्टा दिसे. हा पट्टा म्हणजे काय, याविषयी जुन्या शरीरशास्त्रज्ञांमध्ये बरेच तर्क चालत. सन १९५० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्याचे खरे स्वरूप उघड झाले. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अत्यंत सूक्ष्म अशा हजारो काड्या एकमेकींना लागून उभ्या असतात. त्यांची उंची मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी असते. कुंचल्याच्या केसांप्रमाणे दिसणाऱ्या या रचनेला ‘कुंचला-किनार’ असे म्हणता येईल.

घड्या, रसांकुर आणि कुंचला-किनार या तिहेरी योजनेमुळे आतड्याचा अंतःपृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. तो टेनिसच्या मैदानाएवढा भरतो असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले जात असे. सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर मोजणीनुसार हा अंदाज बराच फुगवलेला ठरला आणि लहान आतड्याचा अंतःपृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे ३२० चौरस फुटांच्या आसपास असल्याचे दिसून आले. एका लहानशा बिऱ्हाडाएवढी ही जागाही काही थोडी नव्हे!

विकराचे नेमके ठिकाण

पचनाचे रस आतड्याच्या पोकळीत पाझरतात आणि तेथेच अन्नाचे पूर्ण विघटन होते, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. लाळ, जठररस आणि स्वादुपिंडातील रस यांच्या बाबतीत ती बरोबरही आहे. परंतु आतड्याच्या पोकळीतील द्रव तपासला असता त्यात दुग्धशर्करा फोडण्याची शक्ती फारच अल्प आढळे. तेवढ्याने पोटभर दुधाचे पचन कसे होते, याचा मेळ बसत नव्हता.

सन १९६१ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड मिलर आणि रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा निर्णायक उलगडा केला. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातील पेशींपासून त्यांनी कुंचला-किनारीचा भाग अलग केला आणि जोडशर्करा फोडणारी विकरे त्या किनारीवरच असतात असे दाखवून दिले. याच सुमारास लेनिनग्राड येथील अलेक्झांडर उगोलेव्ह यांनीही पचनाचा अखेरचा टप्पा पेशीच्या पटलावर पार पडतो, असा सिद्धांत मांडला होता. अन्नाचे मोठे तुकडे पोकळीत फुटतात, शेवटची जोडी मात्र भिंतीपाशी आल्यावर सुटते, हे यावरून स्पष्ट झाले.

लॅक्टेजचा रेणू पेशीच्या पटलात एका टोकाने रोवलेला असतो. त्याचा बहुतेक भाग बाहेर, आतड्याच्या पोकळीच्या दिशेने राहतो. दुग्धशर्करा त्याच्या कक्षेत येताच तिचे दोन भाग होतात आणि त्याच पटलातील दुसरे एक प्रथिन ग्लुकोज व गॅलॅक्टोज उचलून पेशीच्या आत नेते. फोडणारा आणि वाहून नेणारा असे दोघे शेजारी शेजारी असल्याने मोकळी झालेली साखर वाया जात नाही.

आतड्याच्या सर्व भागांत लॅक्टेज सारखे नसते. ग्रहणीच्या आरंभी ते कमी असते, मध्यांत्रात सर्वांत जास्त असते आणि शेषांत्राच्या टोकाकडे पुन्हा घटत जाते. जठरात ते नसते. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातही दूध पचविण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही.

एकाच रसांकुराचा विचार केला तरी असाच फरक दिसतो. रसांकुराच्या पायथ्याशी खोल खळगे असतात. तेथे नव्या पेशी सतत जन्म घेतात आणि हळूहळू वर सरकत तीन ते पाच दिवसांत शेंड्यापर्यंत पोहोचतात. तेथून त्या गळून पडतात. खळग्यातील कोवळ्या पेशींत लॅक्टेज नसते. पेशी रसांकुरावर चढू लागली, तिची वाढ पूर्ण झाली, म्हणजे ते तयार होते. मधल्या आणि वरच्या भागातील प्रौढ पेशींवर त्याचे प्रमाण अधिक असते. याचा अर्थ असा की, दूध पचविणारे हे विकर रसांकुराच्या अगदी उघड्या, इजा पोहोचण्यास सोप्या अशा भागावर वसलेले आहे.

जिवंत माणसाच्या आतड्यातून ही माहिती मिळविणे पूर्वी दुरापास्त होते. सन १९५७ मध्ये विल्यम क्रॉस्बी यांच्या नावाने ओळखली जाणारी कुपी वापरात आली. बारीक नळीला जोडलेली ही कुपी रुग्णाने गिळल्यावर ती लहान आतड्यात पोहोचत असे आणि अस्तराचा कणभर तुकडा कापून घेत असे. त्या तुकड्यातील विकरांची मोजणी करण्याच्या पद्धतीही पुढील काही वर्षांत विकसित झाल्या. पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने असा तुकडा घेणे रूढ झाले.

वयाबरोबर होणारा बदल

गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत बालकाच्या आतड्यातील लॅक्टेज झपाट्याने वाढते. पूर्ण दिवसांचे मूल जन्मते तेव्हा ते भरपूर असते. दिवस पूर्ण होण्यापूर्वीच जन्मलेल्या मुलात ते काहीसे कमी असते. अंगावर पिण्याचे वय संपल्यानंतर बहुसंख्य माणसांत हे विकर हळूहळू घटत जाते. हीच सस्तन प्राण्यांची सर्वसाधारण रीत होय. वासरू गवतावर आले की त्याला दूध पचविण्याचे साधन बाळगण्याचे प्रयोजन उरत नाही.

माणसांच्या काही समूहांत मात्र हे विकर आयुष्यभर टिकून राहते. पशुपालन सुरू झाल्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत दुधावर उपजीविका करणाऱ्या समाजांत हा गुण वाढीस लागला, असे संशोधक मानतात. लॅक्टेजचे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. सन २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांना या जनुकापासून सुमारे १४ हजार घटक अलीकडे, शेजारच्या दुसऱ्या एका जनुकात, एक छोटासा बदल आढळला. तो असणाऱ्यांत लॅक्टेज प्रौढपणीही तयार होत राहते. आफ्रिकेतील पशुपालक समाजांत हेच काम निराळे बदल करतात, असे सन २००७ मध्ये दिसून आले. युरोपात आढळणारा बदलच भारतीयांतही आढळतो, हे सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. वायव्य भारतात त्याचे प्रमाण अधिक असून दक्षिण व पूर्व दिशांकडे ते घटत जाते.

सन १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीतही हाच कल दिसला होता. तपासलेल्यांपैकी उत्तर भारतीयांत सुमारे एक चतुर्थांश, तर दक्षिण भारतीयांत सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींना दुग्धशर्करा नीट पचत नव्हती. जगाचा विचार करता सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ही शक्ती घटलेली असते. तेव्हा प्रौढ माणसाला दूध न सोसणे हा रोग नव्हे, दुबळेपणा तर नव्हेच. जगातील बहुसंख्य माणसांची ती स्वाभाविक स्थिती आहे.

न पचलेल्या दुधाचे काय होते?

दुग्धशर्करा फुटली नाही तर ती आतड्यातच राहते आणि पाणी आपल्याकडे ओढून घेते. त्यामुळे शौचास पातळ होते. पुढे ती मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथील जीवाणू तिला आंबवतात व त्यातून आम्ले आणि हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड यांसारखे वायू निर्माण होतात. पोट फुगणे व गुरगुरणे हा त्याचाच परिणाम. या हायड्रोजनचा काही अंश रक्तावाटे फुप्फुसात येऊन श्वासातून बाहेर पडतो. दुग्धशर्करेचे पाणी पाजून ठराविक वेळाने श्वासातील हायड्रोजन मोजला असता पचनाची परीक्षा करता येते. त्यासाठी आतड्याचा तुकडा काढण्याची गरज राहत नाही.

दुधाची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिचा संबंध दुधातील प्रथिनांशी आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी असतो. अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, शौचातून रक्त पडणे अशी लक्षणे दिसल्यास वैद्यकीय सल्ला विनाविलंब घ्यावा.

ताकाची परंपरा

लॅक्टेज घटलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे साधारण एक पेला दूध, फारसा त्रास न होता घेता येते. जेवणाबरोबर किंवा दिवसातून थोडे थोडे घेतल्यास ते अधिक सोसते. म्हणून दूध पूर्णपणे वर्ज्य करण्याची गरज सहसा पडत नाही.

दह्याच्या बाबतीत निसर्गानेच सोय केलेली आहे. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच आंबवून टाकतात. शिवाय या जीवाणूंजवळ दुग्धशर्करा फोडणारे स्वतःचे विकर असते. दह्याबरोबर ते पोटात जाते आणि लहान आतड्यात उरलेली साखर फोडण्यास मदत करते, असे सन १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. महाराष्ट्रात जेवणाच्या अखेरीस ताक-भात घेण्याची जी चाल आहे तिला शास्त्राचा असा आधार आहे. पनीर करताना बरीचशी दुग्धशर्करा निवळीबरोबर निघून जाते. तुपात ती जवळजवळ नसतेच. याउलट बासुंदी, खवा, पेढे यांत दूध आटविलेले असल्यामुळे ती एकवटलेली असते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी हे पदार्थ बेताने खावेत.

दूध कमी घेणाऱ्यांनी कॅल्शियमची तूट अन्य अन्नातून भरून काढणे अगत्याचे आहे. १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम. कोकणात आणि सह्याद्रीच्या डोंगराळ भागांत पिकणारी नाचणी, त्याचप्रमाणे तीळ आणि पालेभाज्या यांचा आहारात समावेश असावा.

अतिसार आणि बालकाचा आहार

या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे अंग बालकांच्या आरोग्याशी निगडित आहे. अतिसाराच्या विषाणूंपैकी रोटाव्हायरस हा लहान मुलांना विशेष घातक. सन १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या ग्रहणीतून घेतलेल्या अस्तराच्या तुकड्यांत तो प्रथम पाहिला. हा विषाणू रसांकुरांवरील प्रौढ पेशींवरच घाला घालतो. लॅक्टेज वसते ते नेमक्या याच पेशींवर. पेशी गळून पडल्या की लॅक्टेजही त्यांच्याबरोबर जाते. खळग्यांतून नव्या पेशी वर येतात खऱ्या, परंतु त्यांच्यावर लॅक्टेज पुरेसे तयार होण्यास काही काळ जावा लागतो. अन्य विकरांच्या तुलनेने ते सर्वांत आधी जाते आणि सर्वांत उशिरा परतते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, अतिसार होताच मुलाचे दूध तोडावे. हा निष्कर्ष चुकीचा आणि धोक्याचा आहे. अंगावरचे दूध कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. मातेच्या दुधात दुग्धशर्करा अधिक असली तरी ते थोडे थोडे आणि वरचेवर घेतले जाते. त्यातील संरक्षक द्रव्ये व पोषण यांची त्या वेळी बालकाला नितांत गरज असते. अस्तर पुन्हा बांधले जाण्यासाठी लागणारी सामग्री अन्नातूनच मिळते. उपाशी ठेवलेल्या मुलाचे आतडे भरून येण्यास उशीर होतो, मूल अशक्त होते आणि पुढच्या आजाराला लवकर बळी पडते. वरचे दूध घेणाऱ्या मुलांनाही साध्या अतिसारात दुग्धशर्करारहित महागड्या दुधाची सहसा गरज नसते. अतिसार १४ दिवस वा त्याहून अधिक लांबल्यास वरचे दूध कमी करून ते भातात कालवून द्यावे किंवा त्याऐवजी दही द्यावे, आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सहा महिन्यांवरील मुलास मऊ भात, मुगाची खिचडी, दहीभात, केळे असे अन्न चालू ठेवावे.

जलसंजीवनीचे मर्म

अतिसारात मृत्यू ओढवतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. येथे पुन्हा हीच कुंचला-किनार उपयोगी पडते. साखर आत नेणारे प्रथिन सोडियमला बरोबर घेतल्याशिवाय ग्लुकोज उचलत नाही, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनीच सन १९६० मध्ये प्राग येथे मांडली. सोडियम व ग्लुकोज आत गेले की पाणीही त्यांच्यामागोमाग जाते. अतिसारात लॅक्टेज घटले तरी ही वाहतूक बऱ्याच अंशी चालू राहते. म्हणूनच जलसंजीवनीत ग्लुकोज व मीठ यांचे ठरलेले प्रमाण असते.

सन १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा मार्ग अवलंबिला. रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले. डॉ. महालनोबिस यांचे सन २०२२ मध्ये निधन झाले आणि सन २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा बहुमान देण्यात आला.

जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून मुलास घोटघोट पाजावी. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी द्यावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. जोडीला झिंकची मात्रा १४ दिवस द्यावी. ती दोन ते सहा महिन्यांच्या मुलास रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढील मुलास २० मिलिग्रॅम असते. मूल निपचित पडले, पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडू लागले तर त्याला तत्काळ जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.

रोटाव्हायरसची प्रतिबंधक लस सन २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली. भारतात तयार झालेल्या या लसींपैकी एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. ही लस तोंडावाटे दिली जाते आणि तिचे डोस बालकाच्या वयाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात असतात. लसीकरण, हात धुण्याची सवय, स्वच्छ पाणी आणि शौचालयाचा वापर यांमुळे रसांकुरांवर घाला पडण्याचा प्रसंगच टळू शकतो.

आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी स्वतःला नव्याने घडवीत असते. त्याला इजा झाली तरी ते भरून येण्याची शक्ती त्याच्या ठायी आहे. त्यासाठी त्याला पाणी, क्षार आणि अन्न मिळत राहिले पाहिजे. आजारी मुलाच्या तोंडचा घास आणि मातेचे दूध तोडले जाणार नाही, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घेतली तर या नाजूक अस्तराला आपले काम पुरे करण्यास अवसर मिळेल आणि अनेक बालके धोक्यातून सुखरूप बाहेर पडतील.